नाकताई आणि बिनचिठ्ठीचे कॅन

दुर्बिणी आणि कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या त्या कार्यशाळेत तिला सगळे नाकताई म्हणत. बावीस वर्षं ती सुटे भाग धूत आली होती. आधी रॉकेल आणि ब्रश, नंतर टाकीतल्या द्रावणात कंपनं सोडून मळ काढणारं अल्ट्रासॉनिक यंत्र. ते घूं घूं करायचं, म्हणून त्याचं नाव भुंगा. कुठल्या धातूला कुठलं द्रावण, हे ती झाकण उघडून हुंगून सांगायची.

मग तिला ताप आला. तो आठवड्यात उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. घरी दूध करपलं, नवरा बाहेरच्या खोलीतून धावत आला, तर ही तिथेच निवांत भांडी पुसत उभी.

"अगं, नाक काय शोभेला आहे?" तो म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून त्याने गॅस बंद केला. हळूच म्हणाला, "कामावर सांग."

तिने सांगितलं नाही. नाकताईचं नाकच गेलं, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

कॅनवरच्या चिठ्ठ्या वाचून तीन आठवडे निभावले. पण एका सकाळी दोन कॅनच्या चिठ्ठ्या ओलाव्याने गळून पडल्या होत्या. दोन्हींत द्रावण पिवळसरच. दुरुस्ती करणारे मिस्त्री समोर होते, म्हणून तिने हुंगल्यासारखं केलं आणि त्यातला एक कॅन ठामपणे टाकीत ओतला. आत एका जुन्या दुर्बिणीच्या ॲल्युमिनियमच्या सहा कड्या सोडल्या. बघता बघता फेस आला. बाहेर काढल्या तेव्हा कड्या काळ्याठिक्कर, आट्यांच्या कडा खाल्लेल्या. पोलादाचं जहाल द्रावण होतं ते.

"माल बदलून आला असेल. देऊ पुरवठादाराच्या नावावर ढकलून," मिस्त्री हळूच म्हणाले.

"नको. मला वास येत नाही. महिना होत आला."

मिस्त्रींनी पेचकस खाली ठेवला. "आणि मी रोज तुम्हाला झाकणं उघडून देत होतो!" ते हसले. तिलाही हसू आलं, आणि मग रडू.

मालक चिडले, पण त्यांनी एवढंच विचारलं, "आता धुणार कशाच्या भरवशावर?"

"दोन दिवस द्या. आणि भंगारातले तुकडे."

पितळ, पोलाद, ॲल्युमिनियम. प्रत्येकाचा तुकडा तिने प्रत्येक द्रावणात घातला, आधी दोन मिनिटं, मग दहा, आणि भिंगाखाली पाहिला. जहाल द्रावणातून पोलाद लख्ख निघालं, पण लगेच वाळवलं नाही तर दुपारपर्यंत गंजाची छटा. ॲल्युमिनियमला सौम्य, कोमट द्रावणच मानवलं. लिंबाच्या वासाचं म्हणून ज्याला ती वर्षानुवर्षं गरीब समजत होती, त्याने पितळ दहा मिनिटांत गुलाबी पडलं, म्हणजे त्यातलं जस्त खाल्लं गेलं होतं. ती बराच वेळ तो तुकडा बोटांत फिरवत बसली. नाक शाबूत असतानाही चुकत होतंच की.

प्रत्येक कॅनवर तिने रंगाने ठसठशीत अक्षरांत धातू आणि मिनिटं लिहिली.

खराब झालेल्या कड्यांच्या जागी मिस्त्रींनी लेथवर नव्या कातल्या. त्याला आठवडा लागला. दुर्बीणवाल्या बाईंना उशीर का झाला, हे नाकताईने स्वतः फोन करून सांगितलं. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "सांगितलंत हे बरं केलंत. पण नीट करून द्या."

नव्या कड्या तिने लेथचं तेल जावं म्हणून धुतल्या आणि एकेक पाण्याखाली धरली. पाचांवर पाणी सलग पसरलं. सहावीवर थेंब थेंब झाले, म्हणजे तेल शिल्लक. तिने ती पुन्हा भुंग्यात सोडली.