चार सेकंदांचं मटण

निवडणूक आली की आमच्या चॅनलवर बातम्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. बातमी संध्याकाळपर्यंत शिळी होते, किस्सा मुरत जातो. चॅनल म्हणजे कोल्हापुरातल्या एका लॉजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मी तिथला 'ज्येष्ठ विश्लेषक'. आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं, पीएच.डी. केली, तरी कॅमेऱ्यापुढे बसलो की शंका येते, आपल्याला नक्की काय कळतं? संपादक बबनराव म्हणतात, "सर, तुम्ही नुसता चष्मा पुसा. लोकांना वाटतंय, खोल विचार चाललाय!"

*

या वेळी जिल्हा परिषदेला माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा उभी होती. ऐन प्रचारात तिच्या गावची यात्रा आली. यात्रेला तिथे घरोघरी बकरं पडतं आणि दारात येईल त्याला पंगतीला बसवतात. ओळख असो वा नसो!

तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या विलासच्या कार्यकर्त्यानं एक क्लिप आणून दिली. सुनंदा रस्सा वाढतेय, चार सेकंद. बबनरावांनी ती संथ केली, पातेल्याभोवती लाल गोल काढला आणि भुताच्या सिनेमासारखं संगीत लावलं. मी त्याच गावात यात्रेला जेवलेला माणूस. पण मलाही वाटायला लागलं, त्या पातेल्यात काहीतरी आहे!

*

"सर, हे मतांसाठी मटण आहे का?" बबनरावांनी मला थेट प्रक्षेपणात विचारलं.

मी म्हणालो, "यात्रेचंच जेवण दिसतंय. तरी तपासायला हरकत नाही."

तासाभरात माझ्या फोटोखाली पट्टी फिरू लागली: 'मटण तपासा! ज्येष्ठ विश्लेषकांची मागणी.'

"बबनराव, माझं पहिलं वाक्य कुठं गेलं?"

"पट्टीत बसंना, सर!"

*

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये न्हाव्याच्या तोंडीही तोच विषय. मी हळूच म्हटलं, "यात्रेची पंगत असेल हो ती."

"काय तर बोलू नका, पावणं! टीव्हीवर एक प्राध्यापक सोता म्हणालाय, तपासा म्हणून. लई शिकलेला माणूस हाय त्यो!"

माझा चेहरा समोरच्या आरशात होता आणि मान त्याच्या हातात.

*

आमची वार्ताहर गावात गेली. एका बाईंना तिनं विचारलं, "सुनंदाताईंकडे जेवलात?"

"व्हय. म्हणून काय मत बी तिलाच? बारा घरात जेवलोय मी, बारा मतं हायत काय मला?"

प्रक्षेपणात फक्त 'व्हय' राहिलं. तेही तीनदा! काय ती कात्री, मी थक्क होऊन बघत राहिलो.

*

अखेर तक्रार झाली. सुनंदावर आचारसंहिता भंगाचा गुन्हा दाखल व्हायची वेळ आली. खुलासा करायला ती स्टुडिओत आली. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी तिनं मला मोबाईलवर पंगतीचा पूर्ण व्हिडिओ दाखवला. पहिल्याच ओळीत खुद्द विलास! वाटी पुढे करून आणखी रस्सा मागतोय.

"अगं, हे दाखव! सुटलीस तू!"

"सर, आपल्या पंगतीला बसलेल्या माणसाचं ताट मी चारचौघांत दाखवू?" तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला. चूक कुणाची, तिची की माझी, मला ठरवता येईना.

कॅमेरा सुरू झाला. बबनरावांनी विचारलं, "पंगतीला कोण कोण होतं?"

"पावणं होतं."

"नावं सांगा!"

"यात्रेच्या पावण्याचं नाव आमच्यात कुणी घेत न्हाय."

बबनरावांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात प्रेक्षकांचा फोन लागला. एका म्हातारीचा आवाज.

"मी विलासची आई बोलतीया. सुनंदा, तू न्हाई सांगायचीस, म्हणून मी सांगते. पहिल्या पंगतीला माझाच विलास हुता. तू माझ्यासाठी दिलेला डबा बी त्यानंच आणला. रस्सा झकास झालता, पोरी!"