ताई कर्जतवरून गेली

मंडळी, आज माझ्याच तोंडानं माझा घात केला.

ताई मुंबईहून पुण्याला सासरी चालली होती. कर्जतला घाटासाठी गाडीला मागून इंजिन जोडतात, तेवढीच आमची वर्षाची भेट. आईला चालवत नाही, म्हणून करंज्या घेऊन मी एकटाच गेलो.

फलाटावर एक मित्र भेटला. म्हणाला, "आपल्या रेल्वे कंपनीपेक्षा गुजरातकडच्या कंपनीचे डबे बरे रं." मी म्हटलं, "कंपन्याच नकोत, सरकारनं गाड्या चालवाव्यात!" गाडी आली तरी वाद थांबेना. वाटलं, इंजिन जोडायला वेळ आहे.

शिट्टी झाली. बायकांच्या डब्यातून ताई हाका मारत होती. मी धावलो, पण गाडी सुटली.

हमाल हसला, "कंपनीची असो नायतर सरकारची, गेली ना दादा!"

घरी आईनं एवढंच विचारलं, "बारीक झालीय का रं ती?"

तुम्ही काय सांगितलं असतं?