काकूंच्या घरात आम्ही

मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला आम्ही घर घेतलं त्याला आता चार वर्षं होतील. त्याआधी अकरा वर्षं कुर्ल्याला भाड्याने राहत होतो, स्टेशनच्या इतक्या जवळ की तिथल्या अनाउन्समेंट आमच्या बाथरूममध्ये ऐकू यायच्या. नवऱ्याचं डोकं सतत दुखायचं. त्याची एकच अट होती. "लहान चालेल, जुनं चालेल, पण शांत पाहिजे यार."

हा फ्लॅट बघायला गेलो तेव्हा दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. काकू एकट्याच राहत होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी घाटकोपरला, आईला आपल्याकडे न्यायचं आणि हे घर विकायचं, असं तिने ठरवलं होतं. त्या दिवशी तीही आली होती. काकूंनीच आम्हाला घर दाखवलं. मागची खिडकी पाचच्या आत लावायची, नाहीतर खाडीकडचे डास आत येतात. मोरीतला नळ उलटा फिरतो. त्या बोलायच्या थांबल्या की फक्त पंख्याची करकर ऐकू यायची. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचं ठरलं होतं.

निघताना काकूंनी मला विचारलं, "तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?"

"आई, अगं हे घर बघायला आलेत," मुलगी घाईने म्हणाली. मग आमच्याकडे वळून, "विसरते जरा. वय झालं ना. दोनदा गॅस चालू ठेवून झोपली, म्हणून तर नेतेय."

विसरतात म्हातारी माणसं. आम्ही फार खोलात गेलो नाही.

नोंदणीच्या दिवशी काकू इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. फोटो निघाला, पण अंगठा काही मशीनवर उमटेना. आयुष्यभर भांडी घासून रेषाच झिजल्या होत्या. क्लार्क म्हणाला, "आजी, जोरात दाबा." मुलीने त्यांचा अंगठा पदराने पुसला, परत दाबला. नाही. तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात मुलीला कुठलीतरी झेरॉक्स आणायला बाहेर जावं लागलं आणि काकू माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "हे कशासाठी गं करतोय आपण?"

मी म्हणाले, "घराचे कागद आहेत, काकू."

खोटं नव्हतं ते. पण घर आता तुमचं राहणार नाही, हे मी म्हणाले नाही. मला ते म्हणता आलं असतं. समोर क्लार्क होता, शेजारी नवरा होता, कुर्ल्याच्या मालकाला खोली सोडतो म्हणून सांगून झालं होतं. "असं होय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी अंगठा ठेवला. त्या वेळी उमटला.

आम्ही राहायला आलो. ओटा काढून नवा घातला, रंग दिला. महिनाभराने एका शनिवारी दुपारी आम्ही दोघं जेवत होतो आणि लॅचमध्ये किल्ली फिरली. काकू आत आल्या. हातात मेथीची जुडी. चपला कोपऱ्यात काढल्या, सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथेच थबकल्या.

"माझा ओटा कुणी काढला?" मग आम्हाला बघून, "तुम्ही कोण? कोणी घेतलं तुम्हाला घरात?"

नवरा उभा राहिला. हात खरकटा. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. "काकू, तुम्ही आता मुलीकडे राहता ना?" म्हणाले. त्या म्हणाल्या, "मुलीच्या घरी कोण राहतं कायमचं?" आणि मेथी निवडायला घेतली.

नवऱ्याने मुलीला फोन केला, तासाभराने ती धावत आली. ती ऑफिसला गेल्यावर काकू एकट्याच रिक्षात बसून निघाल्या होत्या. इथला पत्ता त्यांना तोंडपाठ होता. मुलीने किल्ली काढून घेतली, माझी माफी मागितली आणि जिन्यात बसून रडली. तिच्या जागी मी तरी दुसरं काय केलं असतं?

पण किल्ल्या किती होत्या कोण जाणे. काकू परत आल्या, पुन्हा आल्या. शेवटी आम्ही लॅच बदलून घेतलं. मुलीनेच सुचवलं होतं. फोनवर म्हणाली, "ताई, आता आली तर दार उघडू नका. डॉक्टर म्हणाले, आत घेत राहिलात तर तिला वाटतच राहील की घर अजून तिचंच आहे. मला लगेच कळवा फक्त."

पुढच्या आठवड्यात त्या आल्या. किल्ली लॅचमध्ये जाईना. त्या पुन्हा पुन्हा घालून बघत होत्या. मी मुलीला मेसेज केला आणि आम्ही दोघं सोफ्यावर बसून राहिलो, स्वतःच्या घरात चोरासारखे. मग थाप पडली.

"अहो," काकू बाहेरून म्हणाल्या. "अहो, दार उघडा ना."

गेलेल्या नवऱ्याला हाक मारत होत्या त्या. माझा नवरा उठला. मी त्याचा हात धरला.

"सोड गं. असं कसं बसायचं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय ना रे."

"डॉक्टर इथे बसलाय का?"

पण हात त्याने सोडवून घेतला नाही. तसाच उभा राहिला, दाराकडे तोंड करून. बाहेर काकू चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. थोड्या थोड्या वेळाने फक्त हाक मारत राहिल्या, दुपारी डोळा लागलेल्या माणसाला उठवावं तशी. शेवटी समोरच्या वहिनींनी त्यांना आपल्या घरात नेलं. मुलगी येऊन घेऊन गेली तेव्हाही आम्ही दार उघडलं नाही. समोर जायचं तोंड नव्हतं.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. मुलीने दिवसभरासाठी बाई ठेवली होती.

वर्षभराने मुलीचा फोन आला. सोसायटीचा एक जुना कागद हवा होता. तो कुठे मिळेल ते मी सांगितलं आणि घाबरत काकूंचं विचारलं.

"तब्येत बरी आहे. आणि आता तुम्हाला त्रास नाही व्हायचा. ते घरच तिला आठवत नाही. फोटो दाखवला तर म्हणते, छान आहे, कुणाचं?"

"बरं झालं," मी म्हणाले.

माझ्या तोंडून तेच निघालं. ती "हो ना," म्हणाली आणि आम्ही फोन ठेवला.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. दोघं दाराकडे बघत बसून राहिलो.