खामगावचा अर्धा रोल

नाशिकहून निघताना धाकट्या भावाने माझी बॅग उचलून पाहिली आणि विचारलं, "ताई, दगड भरलेत का यात?" दगड नव्हते. माझा जुना रोलचा कॅमेरा होता, त्याच्या दोन जड लेन्सा होत्या आणि डब्यात जपून ठेवलेले रोल होते. "फोनमध्ये फुकटात येतात की फोटो. हे विकतचं दुखणं कशाला?" असं तो दर प्रवासाला म्हणायचा, आणि दर प्रवासाला मी त्याला प्रवचन द्यायचे. रोलवरचा फोटो लगेच दिसत नाही, धुऊन होईपर्यंत वाट पाहावी लागते आणि त्या वाट पाहण्यातच खरी गंमत असते, वगैरे. शाळेत शिकवून शिकवून जिभेला प्रवचनाची चटक लागलेली. हे प्रवचन मी आता कुणाला देत नाही.

सकाळी शेगावला उतरले. स्टेशनबाहेर गरम कचोरी खाल्ली, सोबतची तळलेली मिरची सहज म्हणून चावली आणि डोळ्यांतून पाणी काढत चहाच्या टपरीवर बसले. महाराजांचं दर्शन घेऊन बाहेर येते तोच एका म्हाताऱ्या जोडप्याने फोटो काढायला सांगितला. मी काढला. आजोबा लगबगीने पुढे आले आणि कॅमेऱ्याची पाठ बघायला लागले. तिथे नुसतं काळं झाकण.

"काऊन (का) दिसत नाही?"

"आजोबा, यात रोल असतो. धुतल्यावर दिसतो."

"मशीन बिघडलं वाटते बाईचं," आजी हळूच म्हणाल्या आणि दोघं फोनवाला शोधायला निघून गेले. मला हसू आलं. त्या दिवशीचं माझं ते शेवटचं मोकळं हसू.

खामगावला जायचं होतं ते जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना) बघायला. जानेवारीचे दिवस, कापसाचा हंगाम. एका जिनिंगच्या मॅनेजरने फाटकातून आत सोडलं आणि मी थक्क होऊन उभी राहिले. अंगणभर कापसाचे ढीग, ट्रॅक्टर येतायत, रिकामे होतायत, शेडमध्ये यंत्रांची घरघर आणि एकीकडे सरकीची (कापसाच्या बियांची) रास. हवेत तंतू तरंगत होते. नाकात जात होते, लेन्सवर बसत होते. मी एकेक फोटो मोजूनमापून काढत होते आणि दर वेळी कॅमेऱ्याचा दांडा ओढून रोल पुढे सरकवत होते. तो आवाज ऐकून मागून कुणीतरी विचारलं, "हा रोलवाला हाये का, मॅडम?"

साठीच्या आसपासचा एक गृहस्थ, वजनकाट्यावर काम करणारा. भुवयांवरसुद्धा कापूस. नाव सुखदेवभाऊ. मी हो म्हटलं, तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "धुता बी येते का तुमाले?"

"घरीच धुते मी."

 सुट्टी होईपर्यंत फाटकापाशी थांबता का, एवढंच ते म्हणाले.

जिनिंगच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, दोन खोल्या आणि वर पत्रा. त्यांच्या बायकोने, शोभावहिनींनी, मला पाणी दिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. भाऊंनी माळ्यावरून लोखंडी पेटी काढली. पेटीत लहान मुलीचा पिवळा फ्रॉक, आणि फ्रॉकमध्ये गुंडाळलेला प्लास्टिकचा साधा कॅमेरा. आकड्याच्या खिडकीत सहा दिसत होते.

"आमची पिंकी," भाऊ म्हणाले. "चार वर्साची होती. शेगावले दर्शनाले गेलतो तवा तिथंच दुकानातून घेतला हा. सहा फोटू काढले तिचे. मंग म्हटलं, रोल संपू दे, मंग धुवायले देऊ. पावसाळ्यात तिले ताप आला. तापातच गेली."

"दुसरा फोटो?"

"नाही. कोणाच्या लग्नात निघाला असंन तं आमाले माहीत नाही."

त्या काळी कुणीच अर्धा रोल धुवायला देत नसे. आमच्या घरीही गणपतीत घातलेला रोल दिवाळीला संपायचा. उरलेले फोटो वाया घालवणं म्हणजे ताटात अन्न टाकण्यासारखं. तेव्हा यात भाऊंचं काय चुकलं? पुढे पोरगी गेल्यावर त्यांना तो रोल द्यायची हिंमत झाली नाही, आणि हिंमत झाली तेव्हा स्टुडिओवाल्याने रोल धुणंच बंद केलं होतं.

मी आशा दाखवायची नाही असं ठरवून बोलले. एवढी वर्षं, वऱ्हाडचे उन्हाळे, वर तापलेला पत्रा. फिल्म उष्णतेने मरते, काही निघेलच असं नाही. भाऊ मान हलवत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर आशा उमटायची ती उमटून गेली होती. "निघंन," ते म्हणाले. "पण अर्धा धुवायचा नाही. आधी संपवू."

मग आम्ही तो रोल संपवला. शेजारची शेळी, दारातला कडुनिंब, घराचं दार. शेवटी दोघं नवरा-बायको दारापुढे उभे राहिले. जवळ या म्हटलं तरी मधे जागा सोडूनच उभे. मी रोल उलटा गुंडाळून काढला आणि माझ्या डब्यात ठेवला. वहिनींनी मुक्कामच करायला लावला. रात्री पाहुणीसाठी म्हणून रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी केली. भाऊ जेवताना पिंकीच्या खोड्या सांगत होते, तुपाची वाटी माझ्याकडे सारत होते. वहिनी मात्र जेवल्याच नाहीत. दमल्या असतील असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेले आणि वहिनी मला बुलढाण्याच्या गाडीत बसवायला स्टँडवर आल्या. गाडी लागायची होती. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि विचारलं, "ताई, कॅमेऱ्याचं झाकण उघडलं तं फोटूले काही होते का?"

"कधी उघडलं होतं?"

"पोरगी गेली त्याच वर्साले. हे डूटीवर होते. मले तिचं तोंड आठवेनासं झालतं हो. वाटलं, आत असंन तं पाहून घेऊ. उघडलं तं भुरकी पट्टी. घरात अंधार होता, म्हणून अंगणात उन्हात नेलं. पट्टी अशी उलगडून उलगडून पाह्यली. काहीच नोतं. मंग होतं तसं गुंडाळून लावून ठेवलं."

 रोलला उजेडाचा एक कवडसा लागला तरी त्यावरचं सगळं पुसलं जातं, आणि या बाईने लेकीचा चेहरा नीट दिसावा म्हणून ती पट्टी भर उन्हात धरली होती. मी स्टँडच्या फाटकाकडे बघू लागले, पण त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"म्हंजे गेली का ती?"

"वहिनी..."

"त्यायले नका सांगू. ते मले काही बोलणार नाहीत. बोलले असते तं बरं होतं."

गाडी लागली. वहिनींनी खिडकीतून शिदोरीची पुरचुंडी दिली आणि गाडी हलायच्या आत पाठ वळवून चालू लागल्या.

बोथ्याच्या घाटातून गाडी वर चढते. दोन्हीकडे सागाचं जंगल, पानं वाळून तांबूस झालेली, खाली दरीत धुकं विरत होतं. अशा घाटासाठी मी एरवी ड्रायव्हरला विनवण्या करून गाडी थांबवली असती. त्या दिवशी कॅमेरा बॅगेतून काढला नाही. बुलढाण्यात कोर्टाजवळच्या लॉजवर उतरले, हवा थंड आणि छान होती, वकील मंडळी कोवळ्या उन्हात चहा पीत उभी होती. मला त्या उन्हाचाही राग आला. पुढे लोणारचं सरोवर बघायचं ठरलं होतं. ते रद्द करून मी घरचा रस्ता धरला.

नाशिकला आल्या आल्या न्हाणीघराला काळे पडदे लावून रोल धुतला.  उजेड लागलेली फिल्म धुतल्यावर काळी ठिक्कर निघते, तशी सुरुवातीची सगळी पट्टी काळी निघाली. दिव्यासमोर धरली, भिंगाखाली घातली, एखादी कड, फ्रॉकची झालर, काहीतरी. काही नाही. वापरायचा उरलेला रोल वहिनींनी ओढला नव्हता, तो आपल्या डबीतच गुंडाळलेला असल्याने वाचला होता. शेळी आली, कडुनिंब आला, दारापुढचे ते दोघंही आले, फिकट पण ओळखू येण्यासारखे. शेळी निघाली याचा जेवढा संताप आला, तेवढा मला आयुष्यात कशाचा आला नव्हता.

खरं सांगावं तर वहिनींचं नाव येतं. उन्हाळ्यांनी खराब झाला म्हणावं, तर पेटी पत्र्याखाली ठेवणारे भाऊच. ते स्वतःला दोष देत बसतील आणि वहिनी ते बघत बसतील. इकडे आड, तिकडे विहीर. आलेले फोटो पाठवावेत, तर बाकीचे कुठे आहेत हे ते विचारणारच. म्हणून मी काहीच पाठवलं नाही. रसायन मागवलंय, आलं की धुते, असं सांगितलं.

दर रविवारी भाऊंचा फोन येतो. न उचलावा तर त्यांना काय वाटेल म्हणून उचलते. ते कधी घाई करत नाहीत. जिनिंगचा हंगाम संपला, शेळीला दोन पिल्लं झाली, वहिनी बऱ्या आहेत, पण आताशा लय बोलत नाहीत, असं सांगतात. मग फोटोंचं विचारतात आणि मी रसायनाचं सांगते. मी जन्मभर फोटोंची वाट पाहण्याचं कौतुक केलं, कारण माझी वाट कधीच एवढी मोठी नव्हती. बॅगेतला कॅमेरा मी अजून बाहेर काढलेला नाही, आणि काढेन असं वाटत नाही.

गेल्या रविवारी ते म्हणाले, "मॅडम, इतके वर्स माळ्यावर होती, आता तुमच्यापाशी हाये, माह्या जिवाले घोर नाही. पण ऊन लय तापून राह्यलं आता. तिले सावलीत ठेवजा."

ठेवते, म्हटलं.