डाव्या तळहातावरचा गाळ

हट्टाने देव मिळत नाही, असं लोक म्हणतात. मला ते कधी पटलं नव्हतं. माहेरी मला घोरपडच म्हणायचे, एकदा धरलं की न सोडणारी. पण त्या श्रावणी सोमवारी बीडच्या कडेच्या तलावावर सासऱ्यांचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि देव आपल्याकडे खरंच बघतो का, ही शंका मनात आलीच.

आम्ही वीरशैव. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय मामा, म्हणजे माझे सासरे, पाणीही पीत नाहीत. श्रावणात ही पूजा तलावाच्या वाळूवर करायची आणि तिथेच शिदोरी सोडायची, हा त्यांचा नेम. पोचल्यावर लगेच जेवण म्हणून मामांना साखरेच्या आजाराचं इन्सुलिन घरीच टोचून निघालो होतो. लिंगाचा दोरा पार झिजला होता. मी बदलू म्हटलं की, "गुरूनी बांधलाय, त्याला हात लावायचा न्हाई," हे ठरलेलं उत्तर. पाय धुवायला ते दलदलीच्या बाजूला वाकले, दोरा तुटला आणि चांदीच्या डबीसकट लिंग गाळात गेलं.

"मामा, आधी दोन घास खा, मग शोधू."

"लिंग गळ्यात न्हाई, आता घास कशाचा गं?"

बघता बघता त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, तोंडात साखर घाला आणि ताबडतोब घेऊन या. आम्हाला सोडून गेलेल्या रिक्षावाल्याला परत बोलावलं. पण मी नैवेद्याची साखर पुढे करताच मामांनी दातांवर दात घट्ट दाबले. नवं लिंग बांधतील ते महाराज परळीला गेलेले, आणि माझे यजमान दुकानाच्या मालासाठी लातूरला. मग मी पदर खोचला आणि गाळात उतरले.

हाताला काय लागलं नाही? पिशव्या, शेवाळ, तुटकी चप्पल. मी महादेवाला मनातल्या मनात चांगलंच फैलावर घेतलं. या माणसाने जन्मभर तुला छातीशी धरलं आणि तू असा दडी मारून बसतोस? रागाच्या भरात आणखी पुढे गेले तर पाय मांडीपर्यंत रुतले. तेव्हा मात्र मी घाबरले आणि रडू फुटलं.

जवळच म्हशींसाठी गवत कापणाऱ्या एका बाईने ते ऐकलं. तिने कापलेल्या गवताचे भारे माझ्यापुढे टाकले आणि त्यांवरून मला ओढून बाहेर काढलं. काय हरवलं ते मी सांगितलं.

"सापडंना तर सापडंना," ती म्हणाली. "देव कुटं जातोय बाई? त्यो त्या चिखलातच हाय की."

मी तशीच काठावर वाकले. मग त्याच गाळातून ओंजळ भरून घेतली आणि मामांपुढे जाऊन बसले.

"मामा, हात पुढं करा."

"ह्ये इष्टलिंग न्हाई."

"न्हाई. पण तुमचं लिंग ह्याच गाळात हाय. महाराज येईपर्यंत ह्याला न्हाई म्हणू नका."

त्यांनी त्या काळ्या गोळ्याकडे पाहिलं. माझे हात भरून आले, तरी मी ते खाली घेतले नाहीत. शेवटी त्यांनी डावा तळहात पुढे केला. मी त्यावर गाळ ठेवला, त्यांच्या कपाळाला भस्म लावलं, गाळावर बेलाचं पान ठेवलं. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले आणि गालांवरून पाणी वाहू लागलं. डोळे उघडल्यावर त्यांनी स्वतःहून तोंड उघडलं. मी आधी साखर घातली, मग धपाट्याचा घास. त्या बाईलाही आग्रहाने बसवलं. "चटणी लई तिखट हाय बाई," असं तिने स्पष्ट सांगितलं. रिक्षा आली तेव्हा मामा दुसरं धपाटं मागत होते. तरी दवाखान्यात नेलंच. डॉक्टर मला रागावले. मी आनंदाने ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी मामांना नवं लिंग बांधलं. जुनं तलावातच राहिलं. मी काही समजूतदार झाले नाही, हट्टी आहे तशीच आहे. पण देवाने माझ्या हट्टापुढे हार न मानता, हरवलेलं लिंग न देताच मामांच्या तोंडी घास घातला, आणि तोही गवत कापणाऱ्या बाईच्या एका बोलातून. आता मागताना मी वस्तूचं नाव घेत नाही. मामा रोज पूजेला बसतात, आणि मी ताट वाढून त्यांच्या तोंड उघडण्याची वाट बघते.