तपासणीची तयारी

नातीला मानसतज्ज्ञांकडे चाचणीला नेलं आणि त्या चाचणीची मी तिच्याकडून घरी तयारी करून घेतली. हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा वेडगळच वाटलं. पोरीला काय जमत नाही तेच जिथे शोधायचं, तिथे तिला सगळं जमवून पाठवायचं, म्हणजे रक्त तपासायला जाताना शेजारणीचं रक्त बाटलीत भरून नेण्यासारखं. पण तीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलेल्या बाईला 'चाचणी' असा शब्द ऐकू आला की तिचं डोकं आपोआप एकाच रस्त्याला लागतं. पोर आपलं, वर्ग आपला, अब्रू आपली.

नात माझ्या थोरल्याची. ते तिघं जळोचीला राहतात, आम्ही दोघं म्हातारे इकडे सणसरला ऊस आणि एकमेकांना सांभाळत. पोरगी तेव्हा नववीत होती. एकदा सांगितलेली गोष्ट महिन्याने जशीच्या तशी सांगायची, माझ्या खोकल्यासकट. घरचा मिक्सर बंद पडला तेव्हा तिनेच तो उघडून चालू केला. पण पुस्तकाचं पान समोर आलं की चेहरा असा व्हायचा, जणू आतून कुणी कडी लावून घेतली. एक ओळ वाचायला इतका वेळ घ्यायची की ऐकणारा घामाघूम. लिहिताना तर शब्दातली अर्धी अक्षरं वाटेतच गळायची. शाळा म्हणाली, लक्ष नाही. तिचा बाप म्हणाला, मोबाइल. मी म्हणाले, आळस. मग मोबाइल काढून घेतला, शिकवणी लावली, बदाम भिजत घातले. बदाम मीच खाल्ले शेवटी, ती खाईना.

शाळेत विज्ञानाला एक नव्या बाई आल्या होत्या. त्यांनी सुनेला बोलावून सांगितलं की ही मुलगी तोंडी सगळं सांगते आणि पेपर कोरा देते, तर एकदा रीतसर तपासून घ्या. वाचन-लेखनाची अडचण खरी निघाली, तर दहावीच्या बोर्डाला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. नाहीतर सगळं येत असून पोरगी नापास होईल. एवढं स्पष्ट सांगितलं होतं त्या बाईंनी. यात न कळण्यासारखं काय होतं, हे मी आजही स्वतःला विचारते.

मानसतज्ज्ञ मॅडम बारामतीत एका औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर शनिवारी बसायच्या. सुनेला रजा मिळेना, मुलाची शिफ्ट, म्हणून सोबत मी. 'आई, तुम्ही शिक्षिका, तुम्हाला सगळं कळतं,' असं सून म्हणाली होती. ते वाक्य पुढे तिने मागे घेतलं, त्यावर येतेच.

आधी एक भलामोठा फॉर्म. मूल अभ्यास टाळतं का, वाचताना ओळ सुटते का, चिडतं का, वस्तू हरवतं का. पुढे 'कधीच नाही', 'कधी कधी', 'नेहमी' अशा चौकटी. मी चष्मा लावला आणि सरळ उभ्या रेघेत 'कधीच नाही'वर खुणा करत खाली आले. लग्नाच्या स्थळाला माहिती द्यावी तशी. ही पोर दप्तर विसरून शाळेत गेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती, तरी 'वस्तू हरवते का'पुढे माझी खूण कशी ठाम, बघत राहावी.

दोन तासांनी मॅडमनी मला आत बोलावलं. मुलगी दमली आहे, वाचनाचा उतारा अर्धाच झाला आहे, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या शनिवारी पुन्हा आणा, म्हणाल्या. त्या बोलत होत्या आणि उताऱ्याचा कागद त्यांच्यापुढे टेबलावर पडला होता. माझ्या बाजूने उलटा. आता मास्तरणींची एक विद्या बाहेरच्यांना ठाऊक नसते. मुलांच्या पुढ्यात उभं राहून त्यांच्या वह्या वाचून वाचून आम्हाला उलटं अक्षर सुलट्याइतकंच सरळ वाचता येतं. मॅडम मला पोरीच्या झोपेबद्दल विचारत होत्या, मी 'हो, नाही' करत अख्खा उतारा गिळला. एका कासारणीचा होता, गावोगाव बांगड्या घेऊन फिरणाऱ्या. वडापच्या जीपमध्ये बसल्या बसल्या तो मी औषधाच्या पावतीमागे उतरवून काढला. जीपवाला म्हणाला, 'काय लिवताय आज्जी, हिशोब?' मी म्हणाले, 'व्हय.'

दिवाळीला पोरीला सणसरला आणली आणि भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता कासारीण पाठ करून घेतली. तिचे कान असे की तिसऱ्या दिवशी उतारा स्वल्पविरामासकट तोंडात. आधी तिला विचारून घेतलं, आणखी काय काय विचारलं होतं. आकडे सांगून उलटे म्हणायला लावले होते म्हणे. मग घरातल्या सगळ्यांचे मोबाइल नंबर घेऊन तेही उलटे घोटून घेतले. एवढ्यावर थांबले असते तर मी कसली बाई? तिला सांगितलं, बोट ओळीखाली ठेवायचं आणि हळूहळू सरकवायचं. दोन ठिकाणी अडखळायचं. फार सफाईदार म्हटलं की साहेबांना संशय येतो.

साहेब. बघा, कुठून आला तो शब्द. मानसतज्ज्ञ मॅडम आणि माझ्या डोक्यात साहेब.

आमचे आबा, म्हणजे पोरीचे आजोबा, दारात चपला काढता काढता हे ऐकत होते. गाव मला बाई म्हणतं म्हणून हेही लग्नापासून टिंगलीत बाईच म्हणतात. म्हणाले, "बाई, पोरीला दवाखान्यात न्यायचंय का गॅदरिंगला?" मी त्यांना मोटार बघायला शेतावर पिटाळलं. त्या आठवड्यात मोटार पाच वेळा बघून झाली.

ठरलेल्या शनिवारी मी बाहेरच्या बाकावर अशी बसले होते, जणू निकाल माझाच लागायचाय. दार पातळ, आतलं सगळं ऐकू येत होतं. पोरीने सुरुवात केली. कासारीण वेशीतून आत आली, बांगड्यांची पेटी ओट्यावर ठेवली, पोरगी बरोबर तिथे अडखळली जिथे मी सांगितलं होतं. पुन्हा सावरली. शेवटच्या वाक्याला आवाज खाली आणला. मला भरून आलं. बाकावरच्या दुसऱ्या एका आईकडे बघून मी हसलेसुद्धा, तुझं पोर करील का असं, अशा थाटात.

मग दार उघडलं. मॅडमनी मला बोलावलं.

म्हणाल्या, "आजी, कासारीण फार छान झाली. पण आज मी तिच्यापुढे पोस्टमनचा उतारा ठेवलाय."

मी टेबलाकडे पाहिलं. उलट्या बाजूनेही पोस्टमन स्पष्ट दिसत होता, सायकलसकट. दर वेळी तोच उतारा देत नाहीत, हे मला सुचलंच नव्हतं. पोरीने कागदाकडे पाहिलंही नव्हतं, नुसतं बोट फिरवलं होतं. मी तिच्याकडे डोळे वटारले तर ती शांतपणे म्हणाली, "तू बोट ठेवायला सांगितलंस. बघायला कुठं सांगितलंस?"

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला त्याची सवय आहे, मी स्वतः ओरडणारी. त्यांनी टोपण लावून पेन बाजूला ठेवलं आणि समजावून सांगितलं. आता हिच्या उत्तरांतलं हिचं किती आणि तुमचं किती, हे मला सांगता येणार नाही. आकड्यांचंही तसंच झालंय. या चाचण्या आता लगेच पुन्हा घेता येत नाहीत, काही महिने जाऊ द्यावे लागतील. उन्हाळा संपला की या. आणि हा अहवाल झाल्यावर मग तो घेऊन पुण्याच्या सरकारी दवाखान्यात दाखल्यासाठी जायचं, त्याला वेगळा वेळ. दहावीचे फॉर्म भरायच्या आत सगळं झालं तर सवलत मिळेल. त्यांनी 'तर' वर जोर दिला नव्हता. तो माझा मीच ऐकला.

जळोचीला गेल्यावर सुनेला सगळं सांगावं लागलं. संध्याकाळी भांडी विसळताना पाठमोरी म्हणाली की तिने मला सोबत म्हणून पाठवलं होतं, परीक्षेला बसवलं नव्हतं. मग पंधरा दिवस फोन नाही. मुलाने मधे मधे करून पाहिलं, पण तो लहानपणापासून दोन बायकांच्या मधे पडला की आधी स्वतःच घाबरतो.

त्या महिन्यांत मी फक्त वैतागले. आधी स्वतःवर, मग बाकीच्या जगावर, कारण स्वतःवर एकटीवर वैतागून पुरत नाही. शाळेकडून पत्र हवं होतं, मुलीला कुठे कुठे अडतं ते लिहिलेलं. मुख्याध्यापकांनी लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं, 'विद्यार्थिनी हुशार, नियमित व आज्ञाधारक आहे.' मी म्हटलं, सर, अडचण लिहायची आहे. ते म्हणाले, बाई, मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे, वाईट कसं लिहू? गेल्या वर्षांच्या गुणपत्रिका काढल्या तर सगळ्या विषयांत काठावर पास, कोऱ्या पेपरांवर. कुणीतरी दया केली होती. दया करणाऱ्यांनी तिचं दुखणं कागदावरून पुसून टाकलं होतं. मी त्यांच्यावर जाम चिडले, आणि घरी येताना नीरेच्या कालव्यावर रिक्षा थांबली तेव्हा लक्षात आलं की माझ्या फॉर्मवर 'कधीच नाही'ची अख्खी रांग मीच लावली होती. आमची मास्तरांची जातच एक. पत्र चौथ्या खेपेला मिळालं, तेही विज्ञानाच्या बाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या म्हणून.

जूनमध्ये पुन्हा चाचणी. या वेळी सून स्वतः आली. मला जिन्याच्या खाली, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं. फॉर्म नव्याने भरला, सुनेने, आणि 'नेहमी'च्या चौकटी किती भरल्या ते मला दाखवलंही नाही. अहवाल आला. पोरीची समज उत्तम, ऐकून लक्षात ठेवणं तर वयाच्या पुढे, आणि वाचन-लेखन वयाच्या फार मागे. ही अडचण जन्मापासूनची, आळस नव्हे, असं स्वच्छ मराठीत लिहिलं होतं. 'आळस' या शब्दावर माझी नजर चिकटली. मॅडमनी तो खास माझ्यासाठी घातला असावा, असा माझा संशय आहे.

मग पुण्याच्या तीन चकरा. पहिल्या खेपेला फोटो जुना, दुसऱ्या खेपेला शाळेच्या पत्रावरचा शिक्का पुसट, तिसऱ्या खेपेला सही करणारे साहेब जेवायला. पण दाखला मिळाला, आणि फॉर्म भरायच्या आत मिळाला. आबांनी तो उजेडात धरून सावकाश वाचला आणि म्हणाले, "आता हे पाठ नको करून घेऊस कुणाकडून."

लेखनिक मिळणार म्हटल्यावर पोरगी बदलली. आता मी इतिहास मोठ्याने वाचायचा आणि तिने भेंडी चिरता चिरता ऐकायचं, असा आमचा दुपारचा क्रम झाला. धडा मी वाचते आणि शेवटी उत्तरं ती सांगते, माझ्यापेक्षा नीट.

अशाच एका दुपारी तिने विचारलं, तुला तो बोट सरकवायचा प्रकार सुचला कुठून? मग मला सांगावंच लागलं. नोकरीला लागले तेव्हा मी एक ताठ मान असलेली पोरगी होते. कडक इस्त्रीची साडी, मनगटावर घड्याळ, दर पाच मिनिटांनी ते बघायची, वेळ कळावी म्हणून नव्हे, इतरांना दिसावं म्हणून. तालुक्यात माझ्यासारखी शिक्षिका नाही असा माझा पक्का समज. तपासणीला साहेब यायचे असले की आठवडाभर आधी एकच धडा वर्गाकडून घोटून घ्यायचा आणि साहेबांपुढे पुस्तक सहज उघडल्यासारखं त्याच पानावर उघडायचं. कुठे अडखळायचं तेही ठरलेलं. आणि ज्या तीन-चार पोरांना काही केल्या वाचताच यायचं नाही, त्यांना त्या दिवशी सकाळपासून शाळेमागच्या झाडांना पाणी घालायला पाठवायचं. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं होतं, 'वर्ग प्रगत. परिसर हिरवागार.' दोन्ही शेऱ्यांचा मला किती वर्षं अभिमान होता. त्या पोरांपैकी किती जणांची अडचण हिच्यासारखी असेल, कोण जाणे. मी त्यांना दगड म्हणायचे. तोंडावर म्हणायचे.

एवढं सांगून मी पुस्तक मिटलं. वाटलं, पोरगी म्हणेल, जाऊ दे आजी, तेव्हा तुला माहीत नव्हतं. तसं कुणी म्हणावं याचीच मी वाट बघत होते, खरं सांगायचं तर.

तिने भेंडीची देठं ताटात एका बाजूला सारली. मग म्हणाली,

"त्यांना निदान पाण्यात खेळायला तरी मिळालं. मला तू आठवडाभर ती कासारीण लावलीस. मलापण झाडांना पाणी घालायला पाठवायचं होतंस की."