चित्रातल्या आईला लावलेली हळद

नीला अभ्यंकर रागावली की आवाज चढवत नाही, उलट बारीक करते. म्हणून त्या दसऱ्याला दुपारी बारा वाजता ती एवढंच म्हणाली, "मीनाक्षी, हात उचल," तेव्हा मी हात झटकन मागे घेतला.

अमेरिकेत मॉरिसव्हिलला आम्ही दोघी एकाच वर्षी आलो. मी नागपूरची, ती साताऱ्याची. मी नोकऱ्या बदलत राहिले आणि बडबडत राहिले. ही बाई एका म्युझियममध्ये सव्वीस वर्षं जुने कागद दुरुस्त करत बसली. शाईचा एक ठिपका काढायला आठवडा घेईल, इतकी चिवट! तिचे यजमान त्र्यंबकराव वारले त्या वर्षी ती रिटायर झाली आणि घरातच स्वतःचं काम सुरू केलं. पहिलं मोठं काम एका चर्चचं होतं. बारा जुनी चित्रं, त्यातलं एक नमुन्यादाखल दिलेलं. ते पसंत पडलं तरच बाकीची अकरा मिळणार. फादर नेमके दसऱ्यालाच चार वाजता येणार होते.

दसऱ्याला मी हळदकुंकू घेऊन तिच्याकडे जाते. तिचे ब्रश, चिमटे, सुऱ्या टेबलावर ओळीने मांडलेल्या असतात. त्र्यंबकराव असताना मी आधी नीलाला लावायचे, मग हत्यारांना. आता थेट हत्यारांपासून सुरू करते.

टेबलाच्या टोकाला ते चित्र उघडंच होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या कुणा कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढून, त्या ॲसिडने खोल करून कागदावर छापलेलं. झाडाखाली बसलेली आई, मांडीवर बाळ, मागे गाढव धरून उभा म्हातारा. मेरी आणि येशू, एवढं मलाही कळतं हो. पण मला दिसली ती प्रवासाने दमलेली ओली बाळंतीण. सणाच्या दिवशी तिला तशीच कशी सोडायची? लावलं ओल्या हळदीचं बोट तिच्या पायाच्या अंगठ्याला. कुंकवाचं बोट पुढे नेलं आणि नीलाचा तो आवाज आला.

"अगंबाई! थांब, साबणाच्या पाण्याने पुसते," मी म्हटलं.

"साबण लागला तर हळद लाल होईल, आणि मग मी संपले. तू त्या स्टुलावर बस. बोलू नकोस."

मी बसले. तिने ब्लॉटिंग पेपर खाली सरकवला, काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला आणि अंगठ्यावर नुसता टेकवत राहिली. कापूस पिवळा झाला की टाकायचा, दुसरा घ्यायचा. तिचा हात स्थिर होता. दीड वाजला तरी फिकट पिवळा डाग होताच.

"आता गं?"

"पांढऱ्या साडीवर हळद सांडली तर काय करतेस?"

"उन्हात टाकते."

तिने काळ्या पुठ्ठ्याला बारीक भोक पाडलं, पुठ्ठ्याने सगळं चित्र झाकलं आणि खिडकीत ठेवलं. ऊन पडलं ते फक्त त्या अंगठ्यावर. खिडकीतलं ऊन तीन वाजता सरतं आणि सव्वादोनला ढग आला. "मेल्या, आजच तडमडायचं होतं?" मी ओरडले. नीला एकदाही माझ्याकडे बघत नव्हती. तिची सव्वीस वर्षांची अब्रू मी एका बोटाने घालवली होती, आणि मला करता येण्यासारखं काही नव्हतं.

ढग सरकला. तीनला तिने पुठ्ठा उचलला. डाग नाही! मला रडूच फुटलं.

"फादरना सांगू नकोस हं. माझी शपथ आहे तुला."

तिने पिवळे झालेले कापसाचे बोळे गोळा करून टाकले.

चारला फादर आले. चष्मा कपाळावर ढकलून चित्रावर वाकले आणि "ब्यूटिफुल, ब्यूटिफुल" म्हणत राहिले. नीलाने शांतपणे पडदे ओढले, पुसलेले डागही दाखवणारा जांभळ्या उजेडाचा टॉर्च काढला आणि चित्रावर धरला. अंधारात त्या आईचा अंगठा पिवळाजर्द चमकला. मग तिने सगळं सांगितलं, माझं नाव सोडून.

"पण हे कुणाला कधी दिसलं असतं?" फादरनी इंग्लिशमध्ये विचारलं.

"पुढे कुणी हा दिवा लावेल, त्याला. मी लपवलं असं त्याने म्हणू नये."

मी कशीबशी उठले आणि म्हटलं, मी लावली, सणाची लावली. फादरनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग चित्र घेताना म्हणाले, बाकीची अकरा तूर्त चर्चमध्येच राहू देत. गाडी गेली.

"रागव ना गं माझ्यावर! काहीतरी बोल," मी म्हटलं.

नीलाने टेबलावरचा करंडा उचलून माझ्या हातात दिला. आवाज आता अगदीच बारीक झाला होता.

"त्या कागदावरच्या बाईला लावलंस. दोन दसरे झाले, मला लावत नाहीस."

मी तिच्या कपाळाला बोट टेकवलं आणि कुंकू तिच्या नाकावर सांडलं. तिने ते पुसलं नाही.